हुरड्याचे आवतण आणि सालाची ज्वारी



वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना विषय विचारला. त्या म्हणाल्या, "यंदाची सहल हुरड्याला न्यायची म्हणतोय. तेव्हा हुरड्यावरच बोला, म्हणजे बायका पेंगणार नाहीत." खाण्याच्या गोष्टींना कोणी पेंगत नाही, हे चिटणीसबाईंना अनुभवाने ठाऊक आहे. पण सोलापुरात राहून सोलापूरकरणींना हुरडा म्हणजे काय ते सांगायचे, हे कोल्हापुरात जाऊन गुळाची गोडी वर्णन करण्यासारखे आहे. म्हणून हुरड्याच्या चवीबरोबर हुरड्याच्या मागची थोडी गोष्टही मी आज सांगणार आहे.

आपली रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर पेरतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे काम चालते. मग पाऊस परततो आणि पीक उभे राहते ते काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. भीमा आणि माण या नद्यांच्या काठची खोल काळी माती ही ओल महिनोनमहिने सांभाळते. पुढे थंडी पडते, ताटे वाढतात, कणसे निसवतात, दाण्यात चीक भरतो. हा चीक घट्ट होऊ लागतो, पण दाणा अजून वाळलेला नसतो, तो काळ हुरड्याचा. त्या वेळी दाण्यात साखर असते. पुढे तिचेच पिठूळ सत्त्व होते आणि दाणा टणक बनतो. म्हणून हुरडा गोड लागतो, आणि म्हणूनच तो थांबत नाही. एका शेताला हुरड्याचे दिवस मिळतात ते आठ-दहाच. डिसेंबर-जानेवारीत महिनाभर हुरडा मिळतो, तो शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या तुकड्यांत मागेपुढे पेरणी केलेली असते म्हणून.

सगळ्याच ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. गुळभेंडी, सुरती, दूधमोगरा हे खास हुरड्याचे जुने वाण. त्यांचा दाणा मऊ, गोड आणि तुसातून चटकन सुटणारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अलीकडे 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे हुरड्याचे वाण दिले आहेत. भाकरीसाठी मात्र आपली मालदांडीच. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून जे वाण तयार झाले, ते 'मालदांडी ३५-१' या नावाने आजही शेतकरी हौसेने पेरतात. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या गावाची ज्वारी ही अशी नावाजलेली आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावे असे मला वाटते.

हुरडा भाजायची रीत साधी, पण तिला सरावाचा हात लागतो. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. ही आगटी. जाळ विझून निखारा आणि गरम राख झाली की तिच्यात कणसे खुपसायची. जाळावर धरली तर वरून करपतात आणि आत कच्ची राहतात. दाणा फुगून चटचट वाजू लागला की कणीस बाहेर काढायचे, आणि गरम आहे तोवरच तळहातावर नाहीतर पोत्यावर चोळायचे, तूस फुंकायचे. गार झालेले कणीस दाणा सोडत नाही. म्हणून भाजणारा आणि चोळणारी यांचे हात पोळतात आणि खाणाऱ्याची जीभ सुखावते! बरोबर उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. हरभरा तयार असेल तर त्याचा हुळा, शिवाय बोरे, पेरू, ऊस आहेतच. हुरडा पोटाला जड. म्हणून जुन्या बायका त्यावर पाण्याऐवजी ताक प्यायला सांगतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. हुरडा हे जेवण आहेच, पण त्याहून अधिक ते आवतण आहे. पूर्वी हुरड्याला कोणी विकत घेऊन जात नसे. शेत असलेला शेत नसलेल्याला बोलावी. वकील, मास्तर, दुकानदार, गल्लीतले शेजारी, लेकीच्या सासरची माणसे, सगळी येत. आपल्या पूर्वेला लातूर-धाराशिव भागात आणि आपल्या काही तालुक्यांत वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसेला, हीच रीत आजही दिसते. त्या दिवशी लातूरसारख्या शहरातले रस्ते ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप करून पूजा होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असा बेत असतो. आणि ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आग्रहाने नेतेच. पीक उभे असताना चार माणसांनी ते पाहावे, त्याचा घास घ्यावा, ही त्यामागची भावना. ज्याने ते पाहिले, तो पुढे सालभराची ज्वारीही त्याच शेतातून नेत असे. आवतण आणि धान्य ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती.

त्यातले पहिले टोक आज जोरात आहे. ठिकठिकाणी हुरडा पार्ट्यांच्या पाट्या लागतात. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे अशा केंद्रांना उत्तेजन मिळाले, आणि शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे रोख पडत असतील तर त्याला नाव ठेवण्याचे काही कारण नाही. सुटले आहे ते दुसरे टोक.

मागच्या हिवाळ्यात मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतावर आम्ही गेलो होतो. तिथल्या मालकीणबाई, पंचावन्न-साठच्या असतील, कणसे चोळून चोळून आमच्यापुढे दाणे टाकीत होत्या. मी म्हटले, "अक्का, तुमच्याकडं माणसांची वर्दळ बरीच दिसते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, हुरडा खायाला समदी येत्यात. काढणीला कुणी येईना, अन् जुंधळा न्यायाला बी कुणी येईना." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हवापाण्याची गोष्ट सांगावी तशी त्यांनी ती सांगितली, आणि पुढचे कणीस उचलले.

काढणी म्हणजे काय, ते आपण शहरातल्या बायकांनी समजून घेण्यासारखे आहे. डिसेंबर-जानेवारीत कणसात दाणा भरत असतो तेव्हा पाखरांची राखण. भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. ही पाखरे फार दूरच्या मुलखातून हिवाळ्याला आपल्याकडे येतात आणि त्यांना आपला शाळू फार आवडतो. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, डबे वाजवायचे, हे काम पहाटेपासून. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हे चढू लागताना काढणी. रब्बीची ज्वारी बहुतेक ठिकाणी मुळासकट उपटतात. वाळलेल्या, भेगाळलेल्या काळ्या रानातून एकेक ताट ओढून काढायचे. हातांना फोड येतात, कंबर धरते. नंतर पेंढ्या बांधायच्या, आणि बायकांनी ओळीने बसून कणसे खुडायची. मळणीला यंत्र आले, पण उपटणी आणि खुडणी अजून बहुतांशी हातानेच होते, आणि त्यातले पुष्कळ हात बायकांचे असतात. तुमच्या-माझ्या ताटातली पांढरीशुभ्र भाकरी इतक्या हातांतून येते.

या कष्टाला मोल मिळत नसेल तर शेतकरी दुसरे पीक घेणारच, त्यात त्याचा दोष नाही. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले, पाणी आले, आणि जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला. राज्यात इतर भागांत खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि घराघरांतून भाकरीची जागा पोळीने घेतली. १९८०च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली जेवढी जमीन होती, तिच्या निम्म्यापेक्षाही कमी आता उरली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, सभा झाल्या, प्रदर्शने झाली. पण पीक शेतात टिकते ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात रोज शिजले तर.

आपल्या भागाला याचे महत्त्व नव्याने सांगायला नको. दुष्काळात उपाशी लोकांसाठी बादशहाची कोठारे खुली करणाऱ्या संत दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्याचीच. ती कोठारे धान्याने भरलेली होती म्हणून तर उघडता आली! आणि १९७२चा दुष्काळ इथे बसलेल्या कित्येकींनी भोगला आहे. त्या वेळी परदेशातून आलेली तांबडी मिलो रेशनवर रांगा लावून आणावी लागे आणि तिच्या भाकरी मुलांच्या गळ्याखाली उतरत नसत. आपल्या मातीत, जेमतेम पाण्यात येणारे धान्य हाताशी असणे म्हणजे काय, हे त्या दिवसांनी शिकवले. शिवाय ज्वारी दाण्याबरोबर कडबा देते. दुष्काळी भागात जनावरे जगतात ती या कडब्यावर. काही वर्षी तर दाण्यापेक्षा कडब्यानेच शेतकऱ्याची लाज राखलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, हे सगळे खरे, पण आपण घरात बसणाऱ्या बायका काय करणार?" मी घरातल्या हिशेबाच्या वहीतलाच एक हिशेब मांडते. किलोभर पिठाच्या साधारण ११ भाकरी होतात. चार माणसांच्या घरात माणशी रोज एकच भाकरी धरली, तर दिवसाला साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम पीठ लागेल. सणवार, उपास, परगावी जाणे हे सगळे वजा करून वर्षाची ज्वारी १२० किलो धरू. आपल्या मंडळाच्या ४० घरांनी एवढे ठरवले तर ४८ क्विंटल झाली. कोरडवाहू काळ्या रानात बरे साल असले तर एकरी ५ क्विंटल उतरते असे समजा. म्हणजे आपल्या या एका गल्लीच्या एका भाकरीवर जवळजवळ १० एकर शाळू उभा राहतो! आणि सहलीला जाऊन आपण सगळ्या मिळून, अगदी पोटभर म्हटला तरी, दहा किलोपेक्षा जास्त हुरडा काही खाणार नाही. दहा किलोची हौस आणि ४८ क्विंटलचा आधार, यातला फरक मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, यंदाची सहल जवळच्या एखाद्या ज्वारी करणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतावरच न्यावी. तिथे झोपाळा आणि गाणी नसली तरी चालतील. मुलांना कणीस, आगटी आणि राखणीचा माळा दिसेल. हुरड्यासाठी कणसे मोडली की त्याचे तेवढे धान्य आणि थोडा कडबाही जातो, हे लक्षात ठेवून ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. आणि चोळायला आपणही बसावे.

दुसरी, तिथून निघण्यापूर्वी ज्यांना जमेल त्यांनी सालाची ज्वारी बोलून ठेवावी. मळणी झाली की आपण सगळ्यांनी मिळून एक गाडी करून ती आणावी. अडत आणि मधली हमाली वाचेल. ती बचत निम्मी शेतकऱ्याला, निम्मी आपल्याला. एकदम पैसे देणे ज्यांना जड जाईल, त्यांच्यासाठी मंडळाच्या भिशीतून सोय करता येईल, असे खजिनदारबाई म्हणाल्या आहेत.

तिसरी, आणलेली ज्वारी नीट राखावी. चांगले ऊन द्यावे, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून कोठीत भरावी. दळण मात्र आठ-दहा दिवसांपुरतेच करावे, कारण ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. नव्या सुनांना भाकरी जमत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा दोष सुनेचा नसतो, शिळ्या पिठाचा असतो! ज्यांना थापायला शिकायचे असेल त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी मंडळात परात आणि तवा घेऊन बसायला मी तयार आहे. मुलांना आणि पुरुषमंडळींनाही मज्जाव नाही.

त्या अक्कांना मी अजून काही कबूल केलेले नाही. एकटीच्या पोत्या-दोन पोत्यांनी त्यांच्या रानात फरक पडणार नाही, आणि मंडळाचा शब्द मी एकटीने देणे बरे नव्हे. पण शाळूची पुढची पेरणी करायची की ते रान उसाला द्यायचे, हे त्यांचे मुलगे या उन्हाळ्यात ठरवणार आहेत. चिटणीसबाईंच्या टेबलावर सहलीच्या नावांची वही आहे. तिच्यात मी आणखी एक रकाना आखून ठेवला आहे, 'सालाची ज्वारी, किती किलो'. घरी विचारून, आपल्या ऐपतीप्रमाणे, दहा किलो का होईना, तिथे आकडा लिहावा अशी माझी विनंती आहे.