शितावरून भाताची परीक्षा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्याने आयुष्यभर शाळेत मराठी आणि गणित शिकविले व ज्याचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, अशा माणसाने शरीरातील दुर्मिळ गाठींच्या निदानाविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु निवृत्तीनंतर मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे काम आमच्याकडे आले आणि मदतीच्या अर्जांसोबत येणारे तपासणीचे कागद आम्हांस वाचावे लागले. जे कळले नाही ते जाणत्या डॉक्टरांस विचारले, ग्रंथांतून पाहिले. औषधोपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही व तसा हेतूही नाही. गाठीचे नाव कसे ठरते आणि ते बरोबर ठरावे म्हणून रोग्याच्या घरच्यांनी काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

शरीरावर वा शरीरात गाठ आली म्हणजे आपण दोनच प्रश्न विचारतो. ही साधी आहे, की कर्करोगाची? वस्तुतः गाठींचे प्रकार इतके आहेत, की त्यांच्या वर्गीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटनेस एकेका अवयवाचे स्वतंत्र ग्रंथ काढावे लागतात. त्यांतील कित्येक गाठी एखाद्या डॉक्टरास उभ्या आयुष्यात एकदाच पाहावयास मिळतात. अशा वेळी बोटांनी चाचपून वा नुसत्या छायाचित्रावरून निकाल देता येत नाही. निकाल देतो तो विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजेच ज्यास आपण पॅथॉलॉजिस्ट म्हणतो तो. रोग्याची व त्याची बहुधा गाठही पडत नाही, आणि त्यामुळेच त्याच्या कामाचे महत्त्व आपल्या ध्यानी येत नाही.

त्याचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. गाठीचा तुकडा काढला, की तो प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात. त्यायोगे तो कुजत नाही व पेशींची रचना जशीच्या तशी राहते. नंतर अल्कोहोलने त्यातील पाण्याचा अंश काढून तो मेणात बसवितात. या मेणाच्या ठोकळ्यास ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे यंत्राने केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ असे काप घेऊन काचेवर चढवितात आणि दोन रंगांनी रंगवितात. त्यांतील एक रंग मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यापासून निघतो. त्याने पेशींची केंद्रके निळी दिसतात. दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. या निळ्या-गुलाबी चित्रावरून सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची ओळख पटवावयाची असते. बर्लिनचे डॉ. रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५८ साली रोगाचे मूळ पेशीत शोधावे असा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हापासून या शास्त्राची इमारत उभी राहिली.

आपल्याकडे म्हण आहे, ‘शितावरून भाताची परीक्षा’. तुकडा तपासणे म्हणजे अशीच परीक्षा होय, असे कोणी म्हणेल. परंतु येथेच मेख आहे. भांड्यातील भात सर्वत्र सारखा शिजतो, म्हणून एक शीत पुरे होते. गाठीचे तसे नाही. ती एका अंगास कच्ची, दुसऱ्या अंगास करपलेली, वर साधी आणि तळाशी घातक असू शकते. म्हणून शीत कोठले उचलले, ते कसे पोहोचविले आणि भांड्याविषयी आणखी काय सांगितले, या तिन्ही गोष्टींवर निदानाचा खरेपणा अवलंबून राहतो. याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण एका राजपुत्राचे आहे. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज १८८७ च्या आरंभी बसला. स्वरयंत्रावर गाठ दिसली. जर्मन डॉक्टरांस कर्करोगाचा संशय येऊन त्यांनी शस्त्रक्रियेचा बेत ठरविला. इतक्यात लंडनहून डॉ. मोरेल मॅकेन्झी यांस पाचारण झाले. त्यांनी घशातून लहानसा तुकडा काढला व तो खुद्द व्हिर्खो यांनी तपासला. त्यांस त्यात कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रहित झाली. त्या काळी ती शस्त्रक्रियाही प्राणावर बेतणारीच होती, हे खरे. पण नोव्हेंबरपर्यंत कर्करोगाविषयी शंका उरली नाही. फ्रेडरिक ९ मार्च १८८८ रोजी सम्राट झाले आणि अवघ्या ९९ दिवसांत, १५ जून रोजी निवर्तले. जगातील सर्वश्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञाची नजरही हाती आलेल्या तुकड्यापलीकडे जाऊ शकत नाही. पुढे १९४८ साली अमेरिकेतील डॉ. लॉरेन ॲकरमन यांनी तोंडातील चामखिळीसारख्या एका विशेष कर्करोगाचे वर्णन केले. त्याचा वरचा थर इतका निरुपद्रवी दिसतो, की केवळ वरवरचा तुकडा घेतल्यास चकवा बसतो. तळापर्यंतचा भाग घ्यावा लागतो. फ्रेडरिक यांचा रोग याच जातीचा असावा, असा तर्क पुढील काही अभ्यासकांनी केला आहे. तंबाखू मळून गालात धरणाऱ्या आपल्या बांधवांच्या तोंडात हाच प्रकार आढळतो, म्हणून ही राजवाड्यातील कथा आपल्या ओसरीवरचीही आहे.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. काही गाठी दिसण्यात भयंकर आणि वागण्यात सौम्य असतात. बहुधा तरुण वयात, पुष्कळदा हाताच्या कोपराखालच्या भागावर, दोन-तीन आठवड्यांत वाढणारी एक गाठ असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तर पेशी भराभर विभागत आहेत, रचना अस्ताव्यस्त आहे. कोणासही घातक सार्कोमाची शंका यावी. १९५५ साली कोनवालर, कीसबी आणि कॅप्लान या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध करून दाखवून दिले, की ही गाठ शरीरात पसरत नाही. तिला आज ‘नोड्युलर फॅसिआयटिस’ म्हणतात. कित्येकदा ती आपोआप विरूनही जाते. २०११ साली तिच्या पेशींत यूएसपी६ नामक जनुकाची विशिष्ट जोडणी सापडली, त्यामुळे शंकेच्या प्रसंगी आता पक्का पुरावाही मिळू शकतो.

हे उदाहरण आम्ही ग्रंथातून घेतले असले, तरी त्याची प्रचीती आपल्याच ज्ञातीत आली. एका कन्येचा विवाह ठरला होता. हातावर गाठ उठली, ती काढविली, आणि पहिल्या अहवालात घातक गाठीचा संशय व्यक्त झाला. मोठ्या शस्त्रक्रियेची भाषा सुरू झाली. घरात रडारड, त्याहून अधिक चिंता वरपक्षास कळू नये याची. मुलीच्या मामांनी मात्र धीर सोडला नाही. त्यांनी मेणाचा ठोकळा व काचा मागून घेतल्या आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेल्या. तेथे आणखी चाचण्या होऊन निर्णय आला, की ही नोड्युलर फॅसिआयटिस आहे, आणखी उपचाराची आवश्यकता नाही. मामांनी दोन्ही अहवाल स्वतः वरपक्षापुढे ठेवले. विवाह ठरल्या तिथीस पार पडला. हात वाचला, आणि लपवाछपवीचा कलंकही लागला नाही.

तिसरे उदाहरण असे, की सूक्ष्मदर्शकाचे चित्र हुबेहूब एक आणि रोग मात्र दोन. हाडात एक गाठ होते, तिच्यात अनेक केंद्रके असलेल्या मोठमोठ्या पेशी दिसतात. ही हाडाची स्वतंत्र गाठ असू शकते. किंवा गळ्यातील पॅराथायरॉईड नामक चिमुकल्या ग्रंथीच्या बिघाडाने हाडातील कॅल्शियम झिरपून गेल्याचा परिणामही असू शकतो. दुसऱ्या प्रकारास तिच्या तपकिरी रंगावरून ‘ब्राउन ट्यूमर’ म्हणतात. काचेवर दोन्ही इतक्या सारख्या दिसतात, की निष्णात माणूसही केवळ तेवढ्यावरून निर्णय देत नाही. परंतु उपचारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत हाडावर इलाज करावा लागतो, दुसरीत गळ्यातील ग्रंथीवर. व्हिएन्ना येथे १९२५ साली डॉ. फेलिक्स मांडल यांनी हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम-कंडक्टरच्या गळ्यातील अशी वाढलेली ग्रंथी काढली, तेव्हा त्याच्या हाडांत सुधारणा दिसू लागली. पुढे काही वर्षांनी व्याधी परतली. तथापि रोगाचे मूळ कोठे आहे, हे जगास कळले. रक्तातील कॅल्शियमची साधी तपासणी आणि क्ष-किरण चित्र सोबत असेल, तर जो गोंधळ क्षणात मिटतो, तो नुसता तुकडा पाठविल्याने मिटत नाही.

म्हणून चांगला विकृतिशास्त्रज्ञ रोग्याविषयी खोदून विचारतो. आपल्या मुंबईतच याचा आदर्श आहे. १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरिअल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. कमरेच्या कातडीवरील एका विशिष्ट जागी होणाऱ्या कर्करोगाचे तुकडे त्यांच्यासमोर आले, तेव्हा ते काचेवर थांबले नाहीत. धोतर कमरेस करकचून बांधण्याच्या सवयीने त्याच जागी वर्षानुवर्षे घासणी होते, कातडीचा रंग जातो, व्रण होतो आणि क्वचित त्याचाच कर्करोग बनतो, हे डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. पुढे साडीखालील परकराच्या नाडीमुळेही असाच विकार झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. तुकड्याने रोगाचे नाव सांगितले; कारण सांगितले ते रोग्याच्या राहणीने.

आता एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्याकडे आलेल्या एका अर्जात आपल्या एका बांधवाच्या पाठीवरील गाठ ‘चरबीची गाठ’ म्हणून गावातील एका दवाखान्यात काढल्याचे व तेथेच टाकून दिल्याचे लिहिले होते. दोन वर्षांनी त्याच जागी ती पुन्हा उठली व या वेळी तपासणीत सार्कोमा निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारले, पहिल्या गाठीचा अहवाल कोठे आहे? अहवाल नव्हता, ब्लॉक नव्हता, काहीच नव्हते. तपासणीचा खर्च वाचला, आणि दोन वर्षे गेली. तो बांधव आज आपल्यात नाही. पहिल्याच वेळी तपासणी झाली असती तर तो खात्रीने वाचला असता, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण त्यास ती संधी मिळावयास हवी होती, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

सारांश, आपणांस आमची विनंती अशी. काढलेली कोणतीही गाठ, ती कितीही क्षुद्र वाटो, तपासल्याविना टाकू देऊ नये. लहान गावांतून पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती बरणी देऊन तिला शहरातील प्रयोगशाळेत पाठवितात. अशा वेळी बरणी रुंद तोंडाची आहे, आत फॉर्मॅलिन आहे व ते तुकड्याच्या दहापट तरी आहे, नाव स्पष्ट लिहिले आहे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांस विचारून घ्यावे. मिठाच्या पाण्यात किंवा कोरड्या कापडात गुंडाळून नेलेला तुकडा वाटेतच बिघडतो. गाठीचे दोन भाग करून आपल्या मनाने दोन ठिकाणी पाठवू नयेत. दुसरे मत हवे असल्यास त्याच ब्लॉकवर ते घेता येते. सोबतच्या कागदावर वय, गाठीची नेमकी जागा, ती किती दिवसांत वाढली, पूर्वीचे आजार, तंबाखूचे व्यसन हे सर्व लिहवून घ्यावे, आणि क्ष-किरण चित्रे जोडावी. हाडाच्या वा खोल गाठीचा तुकडा शक्यतो पुढची शस्त्रक्रिया जेथे होणार तेथेच घ्यावा, कारण तुकडा घेण्याची वाट चुकली तर पुढचा मार्गही बिकट होतो. अहवालास उशीर लागला म्हणून संतापू नये. दुर्मिळ गाठीसाठी विशेष चाचण्या कराव्या लागतात आणि त्यांस दिवस लागतात. मोठा अवयव जाणार असेल वा नाव अपरिचित असेल, तर काचा व ब्लॉक मोठ्या केंद्रात दाखवून दुसरे मत अवश्य घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही; ते स्वतःही अवघड प्रसंगी आपल्या सहकाऱ्यांस काच दाखवितात.

मंडळास आमची सूचना आहे, की साहाय्य निधीतून आजवर आपण शस्त्रक्रियेस व औषधास मदत देत आलो, तद्वतच यापुढे निदानाच्या तपासणीस व दुसऱ्या मतास प्रथम मदत द्यावी. चुकीच्या नावावर केलेला मोठा खर्च हा अखेर वायाच जातो.

शेवटची गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींस उद्देशून आहे. आपले मंडळ सोयरिकी जुळविते, आणि म्हणूनच आपल्याकडे गाठ लपविली जाते. मुलीची गाठ लग्नापर्यंत, सुनेची बाळंतपणापर्यंत, घरच्या कर्त्याची हंगाम संपेपर्यंत. गाठ कोणासाठी थांबत नाही. ज्या घरात ती उघड सांगितली जाते, त्या घराची सोयरीक कमी प्रतीची न मानता अधिक विश्वासाची मानावी, एवढा पायंडा या संमेलनात बसलेल्या कुटुंबप्रमुखांनी पाडला, तर पुष्कळ तुकडे वेळेवर त्या निळ्या-गुलाबी काचेवर पोहोचतील.