फ्रीझरमधले जुने मांस : खावे की टाकावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेळीपालन आणि कुक्कुटपालन करणाऱ्या अनेकांच्या घरी आता डीप फ्रीझर आला आहे. जत्रेला कापलेल्या बोकडाचे उरलेले मटण, न विकल्या गेलेल्या कोंबड्या, बाजारात स्वस्त मिळालेली मासळी त्यात जाते. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तळाशी एखादी पिशवी सापडते आणि घरात प्रश्न निघतो, हे अजून चालेल का? म्हातारी माणसे म्हणतात टाकून द्या, मुले म्हणतात बर्फात काय होतंय! दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. ते कोणते, हे आज पाहू.

थंडी काय करते?

शून्याखाली 18 अंश सेल्सिअस तापमानात मांसातील जंतूंची वाढ पूर्णपणे थांबते. थंडी अखंड राहिली तर मांस किती काळ टिकते, याचे टोकाचे उदाहरण एका रानटी प्राण्याचे आहे. अलास्कातील फेअरबँक्स शहराजवळ 1979 साली सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्यांना गोठलेल्या जमिनीत बायसन, म्हणजे आपल्या गव्यासारखा प्राणी सापडला. पहिल्या मोजणीत त्याचे वय सुमारे 36 हजार वर्षे भरले. तेथील विद्यापीठाचे प्राध्यापक डेल गुथरी यांनी 1984 साली त्याच्या मानेचे थोडे मांस शिजवून सहकाऱ्यांसह खाल्ले. त्यांना काही बाधा झाली नाही. हा अभ्यासकांचा प्रयोग होता, अनुकरण करण्याजोगा नव्हे. पण मांस किती जुने आहे यापेक्षा थंडी मधेच तुटली होती का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे त्यातून कळते.

थंडी काय करत नाही?

थंडी मांस शुद्ध करत नाही. जंतू मरत नाहीत, निपचित पडून राहतात आणि बर्फ सुटताच पुन्हा वाढू लागतात. काही कृमी तर गोठूनही जिवंत राहतात. अमेरिकेत 2022 साली एका कुटुंबाने शिकार केलेल्या अस्वलाचे मांस 45 दिवस घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून मग भाजले. ते मांस मुळातच गडद रंगाचे, त्यामुळे आत कच्चे राहिल्याचे चटकन ओळखू आले नाही. सहा जणांना ट्रायकिनेला या कृमीची बाधा झाली. त्यातल्या दोघांनी तर मांस खाल्लेच नव्हते, मांसासोबत शिजवलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या.

आपल्याकडे रानडुक्कर, ससा, तितर यांची शिकार करणे आणि त्यांचे मांस बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा असे मांस कोणी आणून दिले तर ते घेऊ नये. पिकाचे नुकसान होत असेल तर वन विभागाकडे अर्ज करावा. मात्र या घटनेतील धडा बोकडाला व कोंबडीलाही लागू आहे. फ्रीझर हे चुलीचे काम करत नाही. त्याचप्रमाणे आजारी किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस कधीही साठवू नये. काळपुळीसारख्या रोगाचे बीजाणू थंडीला दाद देत नाहीत आणि साध्या उकळण्यालाही पुरून उरतात. अशा जनावराचे शव न उघडता पशुवैद्यकाला कळवावे.

चव का जाते?

अखंड थंडीत ठेवलेले मांस वर्षानंतरही बहुधा बाधत नाही, पण त्याची चव हळूहळू उतरते. याची कारणे तीन आहेत. पहिले, पिशवीत हवा राहिली तर वरचे पाणी उडून जाते आणि करडे, कोरडे डाग पडतात. असे डाग अपायकारक नसतात, तेवढा भाग कापून टाकावा. दुसरे, चरबी थंडीतही हवेशी संयोग पावून खवट होते. मासळी, डुक्कर आणि कोंबडी यांची चरबी लवकर खवटते, बोकडाची उशिरा. मिठाने हे खवटणे वाढते, म्हणून मीठ लावून मांस गोठवू नये. तिसरे, मांस सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे खडे होतात, पेशी फाटतात आणि बर्फ सुटताना लाल पाणी वाहून मांस चोथ्यासारखे लागते. म्हणून मोठा ढीग एकदम न कोंबता एका वेळच्या भाजीपुरत्या चपट्या पिशव्या कराव्यात. बोकड कापल्यावर लगेच गोठवल्यास मांस आखडून चिवट होते. ते आधी काही तास फ्रीजमध्ये गार होऊ द्यावे.

किती दिवस ठेवावे?

शून्याखाली 18 अंश तापमान खरोखर राहत असेल तर चवीच्या दृष्टीने पुढील मुदती धराव्यात :

बोकडाचे मोठे तुकडे : 4 ते 12 महिने
खिमा : 3 ते 4 महिने
अख्खी कोंबडी : 12 महिने, तुकडे : 9 महिने
काळीज, गुर्दा : 3 ते 4 महिने
बांगडा, तारली अशी तेलकट मासळी : 2 ते 3 महिने
शिजवलेला रस्सा : 2 ते 3 महिने

एक दाराच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा सहसा एवढा थंड राहत नाही. त्यात कच्चे मांस आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नये.

खरा शत्रू : गेलेली वीज

आपल्या भागात मांस खराब होते ते बहुतेक वेळा भारनियमनामुळे किंवा ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे. वीज गेल्यावर झाकण उघडले नाही तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास थंडी धरतो. आपल्या उन्हाळ्यात यापेक्षा कमीच धरावे. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवल्यास थंडी अधिक टिकते. बाटली पूर्ण भरू नये, बर्फ फुगल्यावर ती फुटते.

तुम्ही गावाला गेलात आणि मागे वीज किती वेळ नव्हती हे कळले नाही, तर पुढील सोपी युक्ती उपयोगी पडते. एका वाटीत पाणी गोठवावे, बर्फावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. परत आल्यावर नाणे वरच असेल तर बर्फ टिकला, निर्धास्त राहावे. नाणे वाटीच्या तळाशी गेले असेल तर बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला, असे समजावे. मग पिशव्या कितीही टणक दिसोत, ते मांस खाऊ नये. नाणे अर्ध्यावर अडकले असेल तर थंडी काही काळ तुटली होती. अशा वेळी संशयाचे मांस टाकलेलेच बरे. वीज आल्यावर तुम्ही घरीच असाल आणि मांसात बर्फाचे खडे शिल्लक असतील, तर ते पुन्हा गोठवता येते किंवा लगेच शिजवता येते.

केवळ वासावर विसंबू नये. गोठलेल्या मांसाला वास येत नाही आणि रोग करणाऱ्या जंतूंचा वास अनेकदा बर्फ सुटल्यावरही येत नाही. मात्र बर्फ सुटल्यावर मांस बुळबुळीत लागले किंवा आंबूस, कुजका वास आला, तर दुसरा विचार करू नये.

बर्फ सोडवताना

मांस ओट्यावर किंवा उन्हात ठेवू नये. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल भांड्यात ठेवावे. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलावे. सुटलेले लाल पाणी भाकरी, कोशिंबीर यांना लागू देऊ नये. आपला रस्सा खळखळ उकळतो हे उत्तम आहे. भाजलेले तुकडे मात्र आतपर्यंत शिजले का, हे पाहावे.

प्रत्येक पिशवीवर काय आहे आणि कोणत्या तारखेला ठेवले, हे लिहावे. जुने आधी वापरावे. टाकायचे मांस कुत्र्यांना न घालता खोल खड्ड्यात पुरावे. आणि जे मटण विकतात त्यांना एक विनंती आहे. वितळून पुन्हा गोठलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका. दोन-चार किलोचे नुकसान एका हंगामात भरून निघेल, पण एखाद्या घरी लेकरू आजारी पडले तर गेलेला विश्वास भरून निघत नाही.