तिथी बघून जेवायला बसा



मांडव्याच्या धक्क्यावर बोट लागली, की मुंबईचा पाहुणा अलिबागच्या एखाद्या हॉटेलात येऊन बसतो आणि बारा महिने एकच मागणी करतो, पापलेट नाहीतर सुरमई. ते मिळतंही, कारण बर्फातलं कधीही मिळतं. किनाऱ्यावरचं घर मात्र असं जेवत नाही. तिथे आधी तिथी बघतात.

तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोळीवाड्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही हा हिशेब पाठ असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं, तितकंच ओहोटीला लांब हटतं. एरवी बुडालेले खडक उघडे पडतात आणि बायका कालवं काढायला निघतात. कालवं खायची तर त्याच दिवसांत या. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं हटत नाही, तेव्हा कालवांचा हट्ट धरू नका.

रेवदंड्याच्या किंवा मुरूडच्या बाजारात गेलात तर ‘पापलेट आहे का’ असं विचारू नका, ‘आज काय आलंय’ असं विचारा. मांदेली असेल, बांगडा असेल, ओले बोंबील असतील. बोंबील चिरून वजनाखाली दाबायचे, पाणी निथळलं की तांदळाच्या पिठात घोळवून तळायचे. सोबत तांदळाची भाकरी आणि अलिबागचा पांढरा कांदा. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हा कांदा लावतात आणि वाळवून त्याच्या वेण्या घालून विकतात. इतका सौम्य, की नुसता खावा. माझ्या मते या ताटापुढे कुठल्याही महागड्या सुरमईने मान खाली घालावी.

काय खावं याइतकंच, कधी थांबावं हेही कळायला हवं. इटलीतल्या व्हेनिसच्या मासळीबाजारात एक संगमरवरी पाटी आहे. कुठला मासा किमान किती लांबीचा झाल्यावर विकायचा, ते तिच्यावर कोरलंय. ज्या पाण्यावर पोट चालतं त्याला सवड द्यायची, हे त्या शहराने दगडात लिहून ठेवलं. आपल्याकडे १ जूनला मासेमारीबंदी लागते, कारण ते मासळीच्या विणीचे दिवस. तेव्हा ताज्या मासळीची मागणी करणं मला खरोखर खटकतं. त्या दिवसांत घरात सुके बोंबील आहेत, जवळा आहे, मोड आलेल्या वालांचं बिरडं आहे, खाडीतल्या चिंबोऱ्या आणि निवटे आहेत. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात वाढवलेला जिताडा असतो. त्याचं कालवण एकदा खाल्लं की माणूस बंदीबद्दल तक्रार करत नाही.

आणि थंडीत पोपटी. वालाच्या शेंगा भरायला लागल्या, की संध्याकाळी शेतात मंडळी जमतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. थेंबभरही पाणी नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात. झालं की नाही हे पाहायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्रर्र आवाज आला की जाळ बाजूला. भांबुर्डी रानात आपोआप उगवते, पण तिच्या वासाशिवाय पोपटी ही पोपटी नव्हे. ताटं मांडू नका, कागदावर ओतलेल्या ढिगातून हातानेच खा.

पिण्याचं म्हणाल तर शहाळं आहे, जेवणानंतर सोलकढी आहे. माडी प्यायची तर पहाटेची. तेव्हा ती गोड असते, ऊन चढलं की आंबत जाते.

याच किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायली ज्यू घरांत नवस फेडताना एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडवा, वेलची, सुका मेवा आणि फळं. मांसासोबत दूध वर्ज्य, म्हणून त्यांच्या रश्शात नारळाचं दूध पडतं. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि मलिदा तिकडेही होऊ लागला.

तेव्हा यंदा इकडे आलात, तर घरगुती खानावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवा, “ताई, उद्या तुमच्याकडे जे शिजेल तेच आम्हाला वाढा.”