बांडगूळ कापा, आमरी राखा



मागे एका उन्हाळ्यात आम्ही कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. बांधावरच्या जुन्या आंब्यावर एक मामा चढले होते. कोयत्यानं बांडगूळ छाटत होते. छाटता छाटता एक निराळंच झाड खाली पडलं. पन्हळीसारखी लांब, जाड पानं. सुतळीसारखी पांढरी मुळं. तुऱ्यावर पाच-सहा फुलं, आणि त्यांना गोड वास.

आम्ही म्हणालो, "मामा, हे कशाला तोडलं?"

"तेबी बांडगूळच की! आंब्याचं रगत पितंय."

मामांचं चुकलं, पण त्यात नवल नाही. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या झाडाला 'वंदा' म्हणत. त्यावरूनच या फुलझाडाच्या जातीला १८२० साली शास्त्रात 'वांडा' नाव मिळालं. मराठीत अशा फुलझाडांना आमरी म्हणतात.

मग दोन्ही ओळखावी कशी? मुळं पहा. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत शिरतात. ते फांदीचा रस पितं. तिथं गाठ येते, पुढची फांदी वाळते. असं बांडगूळ गाठीच्या खालून फांदीसकट कापावं. तेही फळं पिकण्याआधी, कारण त्याचं चिकट बी पाखरं दुसऱ्या फांदीवर नेतात.

आमरीची मुळं सालीच्या वरच राहतात. ती पावसाचं, दवाचं पाणी शोषतात. ती आंब्याकडं फक्त जागा मागते, अन्न मागत नाही. पाहुणी आहे, चोर नाही!

आमचीही एक चूक सांगतो. असंच पडलेलं झाड आम्ही कुंडीत काळी माती भरून लावलं, रोज पाणी घातलं. महिनाभरात मुळं कुजली. या मुळांना माती नको, हवा हवी.

तेव्हा आमरी पडलेली दिसली तर असं करा :

कुजलेली मुळं कापा. पावसाच्या सुरुवातीला खरबरीत सालीच्या झाडावर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला, काथ्यानं बांधा. फार आवळू नका. पाऊस नसेल तेव्हा सकाळी मुळांवर पाणी शिंपडा. कोरडी मुळं पांढरी दिसतात, भिजली की हिरवट होतात. पुन्हा पांढरी झाली की पाणी द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. थंडीत पाणी कमी करा.

रानातली उभी आमरी मात्र उपटू नका. औषधासाठी म्हणून लोक ती ओरबाडून नेतात. तिचं बी धुळीसारखं बारीक असतं. विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्यावाचून ते रुजत नाही. रुजलं तरी फूल यायला कित्येक वर्षं लागतात.

मामांनी ते झाड त्याच आंब्याला बांधलं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो, तर नवी मुळं सालीला घट्ट चिकटलेली! मामा म्हणाले, "आता कोयत्याआधी मुळं बघतो."

मंडळी, एवढंच करा. आधी पहा, मग कापा.