खोली गहाण टाकू का?



अभ्यासवर्गाला आलेल्या एका माउलीने आम्हाला विचारलं, ‘पोराला लंडनला एल.एल.एम.साठी प्रवेश मिळालाय. राहती खोली गहाण टाकू का? बाबासाहेबही गेलेच होते ना?’

गेले होते, पण कसे, ते आपण पाहत नाही. १९१६ साली त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा १९१७ साली अभ्यास अर्धा ठेवून परतले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन १९२० साली पुन्हा गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले.

बॅरिस्टर होऊन आलं की तेव्हा इथल्या हायकोर्टात वकिली करता येई. आज तिकडच्या एल.एल.एम.ने ज्ञान वाढेल, पण कोर्टात उभं राहायला सनद लागते आणि ती पोराच्या इथल्या एल.एल.बी.वरच मिळते.

म्हणून आम्ही माउलीला म्हणालो, पोराला सनद घेऊन कमवू द्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला अर्ज करू द्या. मिळाली तर खुशाल जाऊ द्या. खोली मात्र राहू द्या. उशिरा जाणं म्हणजे हरणं नव्हे.

जयभीम!