रसाची ओळख

अंबरनाथजवळच्या पालेगावातील एका दांपत्यापुढे एका उन्हाळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या कन्येस मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकावयाचे होते. वडिलांच्या मते चित्रकला हा फावल्या वेळचा छंद. तो उपजीविकेचा मार्ग नव्हे. दोन आठवडे घरात अबोला होता. अखेर गृहिणी म्हणाली, “अहो, नाही म्हणायचे तर म्हणा, पण कशाला नाही म्हणता, ते एकदा पाहून तरी घ्या.”

शनिवारी सकाळच्या गाडीने दोघे मुंबईस गेली आणि काळा घोडा भागात पोहोचली. याच परिसरात, रॅम्पार्ट रोवर, १९४९ साली प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे त्या मंडळाचे आद्य सभासद. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगविले होते, तर आरा यांनी मोटारी धुतल्या होत्या. पत्नीने हे सांगताच पतिराज उद्गारले, “म्हणजे ही उपाशी राहण्याचीच विद्या!”

१९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे. तेथे वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्रापुढे गृहस्थ थबकले. ना मनुष्य, ना झाड; केवळ रंगावर रंग. गायतोंडे यांचे एक चित्र २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेल्याचे त्यांनी वाचले होते. “किंमत कळली, पण यात आहे काय?” त्यांनी विचारले. गृहिणी बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, “पाऊस नुकताच थांबावा आणि आपण दार उघडावे, तसे वाटते.” गृहस्थांस तसे काहीच वाटले नाही.

दुपारी ती बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया या १९२३ सालच्या इराणी उपाहारगृहात गेली. तेथील बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. इराणी झुडपाची ती वाळलेली, आंबट, तांबडी फळे केशरी भातात दाताखाली येताच गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, “वा!”

“याचा अर्थ काय हो?” पत्नीने हळूच विचारले. गृहस्थ हसले, पण पुढला घास त्यांनी सावकाश घेतला.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस समजाविताना भोजनाचाच दृष्टांत दिला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आस्वाद जसा जेवणारा घेतो, तसाच प्रेक्षक भावांचा घेतो. आस्वाद आधी, चिकित्सा मागाहून. जिभेला नव्या चवीची सवय लागावी लागते, तशीच डोळ्यालाही.

तथापि पोटाचा प्रश्न उरलाच होता. परतीच्या वाटेवर दोघे अंबरनाथच्या शिवालयापाशी थांबली. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन देवालय. मावळत्या उन्हात भिंतींवरील मूर्ती उजळल्या होत्या. गृहस्थांनी हे मंदिर लहानपणापासून पाहिले होते. आज मात्र ते भिंतीजवळ जाऊन उभे राहिले.

“हे कोरणाऱ्यांनाही संसार असेल,” ते बऱ्याच वेळाने म्हणाले. “कोणी तरी त्यांच्या पोटाची सोय केली असेल, म्हणून तर हे उभे राहिले.”

गृहिणी काही बोलली नाही.

घरी कन्येने दार उघडले. वडिलांनी चपला काढता काढता विचारले, “तुझी ती प्रवेशपरीक्षा कधी आहे?”