बोडियमची सनद

इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत, रॉदर नदीच्या खोऱ्यांत, बोडियम नांवाचा एक किल्ला आहे. भोंवतालीं रुंद खंदक आणि पाण्यांतून वर आल्यासारखे दिसणारे गोल बुरूज, असें त्याचें रूप. हा लढाईसाठींच बांधला, असें कोणासही वाटेल. सनदेंतही तसेंच लिहिलें आहे.

मध्ययुगांत तेथील सरदारास आपल्या वाड्यास तट घालून वर चर्या उठवावयाच्या असल्यास राजाचा परवाना घेण्याची रीत होती. सर एडवर्ड डॅलिंग्रिज यास तो दुसऱ्या रिचर्ड राजाकडून ऑक्टोबर १३८५ मध्यें मिळाला. फ्रान्सच्या मोहिमांत तरवार गाजवून हा गृहस्थ संपन्न झाला होता. बोडियमची जहागीर मात्र पत्नीच्या माहेरची! त्यानें समुद्रानजीकच्या आपल्या वाड्यास दगडचुन्याची भिंत घालावी, ती आसपासच्या मुलखाच्या रक्षणार्थ व शत्रूच्या प्रतिकारार्थ, असा सनदेचा आशय आहे. भय खोटें नव्हतें. १३७७ मध्यें फ्रेंचांनीं राय बंदर जाळलें, १३८० मध्यें विंचेल्सीवर घाला घातला. समुद्र कांहीं मैल दूर खरा, पण नदींतून नावा बोडियमपर्यंत येत.

परंतु डॅलिंग्रिजनें केलें काय ? जुन्या वाड्यास तट न घालतां निराळ्या जागीं सर्वस्वीं नवा किल्ला उभारला. आंत प्रशस्त दिवाणखाना, जागोजाग आगट्या व शौचकूप. प्रार्थनामंदिराची मोठी खिडकी तर थेट बाहेरच्या तटांत ! खंदकाचा बांध फोडला असतां पाणी वाहून जाण्यास विलंब लागूं नये. म्हणूनच विद्वानांत वाद आहे : एक पक्ष यास लष्करी ठाणें म्हणतो, दुसरा वैभवाचें प्रदर्शन. दुसऱ्याचें म्हणणें अधिक पटतें. अशा सनदा राजे शेंकड्यांनीं देत, क्वचितच नाकारीत. राजमुद्रेचा कागद पदरीं असणें हाच मोठा मान. पण किनाऱ्यावर ज्यांचीं घरें जळालीं होतीं, त्यांना संकटसमयीं या तटाच्या आंत थारा मिळणार होता कीं नाहीं, याविषयीं सनदेंत अक्षर नाहीं.

फ्रेंच बोडियमपर्यंत आलेच नाहींत. डॅलिंग्रिजचें वजन मात्र वाढत गेलें. १३९२ मध्यें राजानें लंडन शहराचे हक्क काढून घेतले, तेव्हां तेथील कारभार कांहीं काळ त्याच्याच हातीं होता.

पुढें किल्ला ओसाड पडला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तो विकत घेऊन ज्यांनीं त्याची डागडुजी केली, ते म्हणजे हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. येथील प्राचीन वास्तूंच्या जतनाचा १९०४ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दींतला. १९२५ मध्यें ते वारले, आणि मृत्युपत्रानें बोडियम नॅशनल ट्रस्टकडे गेलें.